छत्तीस खाचा

सुटकेला पंधरा दिवस उरले की बायकांना रोज दुपारी वर्गात बसावं लागे. वर्ग म्हणजे शिवणखात्यामागची लांबट खोली, भिंतीला टेकवलेला फळा आणि खिडकीतून येणारा भाजणारा वारा. शिकवायला बाहेरून एक ताई येत. बाई मनानं चांगल्या होत्या. अर्ज कसा लिहायचा, कचेरीत कुणाशी काय बोलायचं, राग आला तर तोंडातल्या तोंडात आकडे कसे मोजायचे, सगळं जीव तोडून सांगत. एके दिवशी त्या स्वतःच काम देणारी मालकीण झाल्या, टेबलामागं बसल्या आणि एकेकीला पुढं बोलावून विचारू लागल्या, "इतकी वर्षं कुठं होतात?"

पहिली म्हणाली, "आजारी होते."

दुसरी म्हणाली, "बहिणीकडं होते. तिची बाळंतपणं काढली."

"सहा वर्षं?" मागून कुणीतरी विचारलं. "किती पोरं झाली गं तिला?" अख्खा वर्ग खिदळला. ताईसुद्धा हसल्या.

मग वायरवालीची पाळी आली. उंच, हाडापेरानं रुंद, बोटांच्या टोकांना वार्निशचे पिवळट डाग. ती टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुरुंगात होते."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "असं तोंडावर सांगितलंत तर दारातूनच परत पाठवतील."

"पाठवू देत."

"खोटं बोला असं मी म्हणत नाही. पण विचारलं नाही ते कशाला सांगायचं?"

"विचारलंत की तुम्ही. आणि ताई, मोटार भरायला मी इथंच शिकले. उद्या कुणी म्हणालं, कुठं शिकलीस, तर काय सांगू? बहिणीकडं?"

पुन्हा हशा झाला. ताईंनी वहीत तिच्या नावापुढं काहीतरी लिहिलं आणि पुढचीला हाक मारली.

वायरवाली हे नाव तिला बराकीतल्या बायकांनी दिलं होतं. बाकीच्या शिवणात, मेणबत्त्यांत, कागदी पिशव्यांत गेल्या. ही एकटीच जळक्या मोटारी भरण्याच्या, म्हणजे त्यांत नवी तार घालण्याच्या कारखान्यात गेली. शिकवणारे मास्तर निवृत्त झालेले, कानानं जड, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी उघडी मोटार तिच्यापुढं सरकवली होती. "मोज. आतल्या कडेला खाचा आहेत. छत्तीस. लोक म्हणतात छत्तीसचा आकडा म्हणजे वैर, तीन आणि सहा पाठीला पाठ लावून बसलेले. इथं एका खाचेचं दुसरीशी वैर झालं तर मोटार धूर सोडते. समजलं?" तिला समजलं नव्हतं. समजायला वर्ष गेलं. जळकं तांबं छिन्नीनं तोडून काढायचं, खाचा खरवडून लख्ख करायच्या, आत कागद बसवायचा, लाकडी फर्म्यावर तारेचे वेढे मोजून घ्यायचे आणि एकही वेढा न दुखावता खाचेत उतरवायचे. दुसऱ्या वर्षी मास्तर तिचं काम तपासायचे बंद झाले. तिसऱ्या वर्षी नवीन आलेल्यांना तिच्याकडं पाठवू लागले.

तुरुंगात ती आली होती ती बांधाच्या भांडणातून. नवरा तापानं गेल्यावर चुलत दिरानं बांध कोरायला सुरुवात केली. दर पेरणीला वीतभर. एका सकाळी सासू नांगरापुढं आडवी उभी राहिली तेव्हा त्यानं म्हातारीला केसांना धरून बाजूला फरफटत नेलं. वायरवालीच्या हातात खोरं होतं. तिनं ते उलटं धरलं आणि दांडा चालवला. एकदा खांद्यावर, एकदा कोपरावर. एकदा डोक्यावर, आणि तो फटका मात्र नको होता हे तिला तेव्हाच कळलं. दीर वाचला. कोपराचा चुरा झाला, हात सरळ राहिला तो राहिलाच. कोर्टात विचारल्यावर तिनं सांगितलं, "मारलं." वकील कपाळावर हात मारून खाली बसला.

सुटली त्या दिवशी कारखान्याकडून तिला हत्यारांची पत्र्याची पेटी मिळाली. शिक्षण पुरं करणाऱ्यांना ती मिळत असे. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगात ठसठशीत लिहिलेलं होतं: कारागृह उद्योग विभाग. मास्तर फाटकापर्यंत आले. "पेटी जड आहे," एवढंच म्हणाले.

---

गावच्या थांब्यावर सासू उभी होती. वाळून काटकी झाली होती, पण पाठ ताठ. तिनं सुनेला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वजन वाढलंय."

"बसून खात होते ना, आत्याबाई."

"मग आता उचल ती पेटी." म्हातारी पुढं चालू लागली. दहा पावलांवर थांबली, वळली, सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि पुन्हा चालू लागली.

लेक घराच्या दारात होती. आई गेली तेव्हा अकराची होती; आता आईएवढी उंच, ओठ मिटलेले. पाया पडली, पाणी दिलं, पेटीकडं बघितलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वायरवाली ओढ्यावरून कपडे धुऊन आली तर ओट्यावर रॉकेलचा वास. लेक उकिडवी बसून चिंधीनं पेटीचं झाकण घासत होती. 'कारागृह'मधला 'का' पुसट झाला होता.

"काय चाललंय?"

"येणारेजाणारे वाचतात."

"त्यासाठीच लिहिलंय ते."

"तुला काय, तू सहा वर्षं नव्हतीस इथं!" लेकीचा आवाज चिरकला. "मी होते. शाळेत बाकावर शेजारी कुणी बसत नव्हतं. मारकी म्हणायचे मला. मी कुणाला मारलं होतं? तू आलीस ती पाटीच घेऊन आलीस."

वायरवालीनं ताईंनी सांगितलेले आकडे मोजून बघितले, पण ते रागासाठी होते, यासाठी नव्हते. तिनं लेकीच्या हातातली चिंधी काढून घेतली, दोरीवर कपडे वाळत घातले, मग घरातून चुन्याची वाटी आणली आणि काडीनं 'का' पुन्हा लिहून काढला. लेक भिंतीला टेकून बघत राहिली.

"तू पुसलंस तरी लोक विसरणार नाहीत," ती लेकीला म्हणाली. "पुसलेलं दिसलं की उलट जास्त बोलतील."

काम मात्र मिळेना. निंदणीच्या टोळीची मुकादमीण जाडजूड, आवाजी बाई. सासू तिच्याच टोळीत जात होती. वायरवाली पहाटे सासूबरोबर जाऊन उभी राहिली तर मुकादमीण म्हणाली, "तुझ्या सासूला नेते. तुला नको. बायका तुझ्या शेजारी खुरपं घेऊन बसायला घाबरतात."

"खुरप्यानं कुठं मारलं होतं? खोऱ्याचा दांडा होता तो."

दोघीतिघींना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मुकादमीण हसली नाही. टोळी निघून गेली. वायरवाली घरी आली, पेटी ओट्यावर ओढली, झाकण रस्त्याच्या बाजूला उघडून उभं केलं आणि त्यामागं बसून हत्यारांना तेल लावू लागली. असे अठरा दिवस गेले. लोक वाचून पुढं जात. एक जण घरचा बिघडलेला पंखा घेऊन आला. तिनं तो दुरुस्त केला, तसा त्यानं तो पिशवीत घालून मागच्या गल्लीनं नेला.

---

उन्हाळा चढत होता. विहिरींनी तळ गाठला होता, वीज मरतुकडी येत होती, आणि एका सकाळी पंपघरातून काळा धूर निघाला. गावच्या पाण्याची मोटार जळली. टाकी दुपारपर्यंत रिकामी झाली, नळांनी दोनदा फुस्स केलं आणि गप्प बसले.

तालुक्याच्या फिटरनं सांगितलं, दहा दिवस. त्याच्या दुकानात आधीच्या चाळीस मोटारी रांगेत होत्या. मग गावच्या बायका पाण्यासाठी ओढ्याच्या खालच्या झिऱ्यावर जाऊ लागल्या. जायला अर्धा तास, भरायला एक तास, येताना चढण. सासू टोळीतून आल्यावर हंडा उचलायची. वायरवाली दोन खेपा करायची, लेक दोन, तरी म्हातारी ऐकायची नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गावचा पाणीवाला आला. पंप चालू-बंद करणं, नळ सोडणं हे त्याचं काम. बारीक चणीचा माणूस, बोलताना पायातल्या चपलेशी खेळायचा. ओट्याखाली उभा राहून इकडंतिकडं बघत म्हणाला, "वहिनी, तुम्ही मोटारी भरता म्हणे."

"झाकणावर लिहिलंय."

"पाच हॉर्सपॉवरची आहे. जमेल?"

"घेऊन ये. उघडून बघितल्यावर सांगते."

तो घुटमळला. "अध्यक्षांनी निरोप दिलाय." पाणी समितीचा अध्यक्ष म्हणजे तोच चुलत दीर. ती आत असताना तो मोठा माणूस झाला होता. "म्हणाले, मोटार संध्याकाळी आणून मागच्या परसात ठेवतो. काम परसातच करायचं. आणि झाल्यावर कुणी विचारलं तर सांगायचं, फिटरनं भरून दिली."

वायरवाली हातातली छिन्नी पुसत होती. ती पुसून झाली, मग हातोडी घेतली.

"तुझ्या अध्यक्षांना सांग, काम इथंच होईल, ओट्यावर. आणि विचारलं तर सांगेन, मी केलं. कुठं शिकले तेही सांगेन."

"वहिनी, गावाच्या पाण्याचा प्रश्न आहे."

"मग गावानं उजेडात यावं."

पाणीवाला गेला. लेक दारातून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे तापले होते.

"परसात केलं असतंस तर काय गेलं असतं? मोटार तर तीच ना?"

"तीच."

"मग? तुझ्या हट्टापायी आजी पाणी वाहतेय. काल तिला मान वळवता येत नव्हती. बघितलंस का?"

बघितलं होतं. रात्रभर म्हातारी एका कुशीवर कण्हत होती. वायरवालीनं हातोडी पेटीत ठेवली. "आई, कर ना गं," लेक म्हणाली, आता हळू. "कुणी का नाव घेईना."

"आज परसात केलं तर जन्मभर परसातच करावं लागेल," ती म्हणाली. "आणि मग तूसुद्धा परसातूनच ये-जा करशील. मला ते नकोय." पण संध्याकाळी सासू हंडा घेऊन चढण चढताना तिनं वाटेत गाठली, हंडा आपल्या डोक्यावर घेतला आणि परसाची गोष्ट सांगून टाकली. आपलं चुकलं का, हे विचारायचं होतं, जमलं नाही.

म्हातारी मान वाकडी धरून म्हणाली, "केस धरून ओढलं तेव्हा त्यानं परसात नव्हतं ओढलं. अख्ख्या शिवारासमोर ओढलं होतं." आणि थोडं थांबून, "हंडा सरळ धर. पाणी सांडतंय."

---

पाचव्या दिवशी सकाळी रस्त्यावरून लोखंडी चाकांचा खडखडाट ऐकू आला. वायरवालीनं वर बघितलं. हातगाडीवर मोटार, गाडीला मुकादमीण आणि तिच्या टोळीतल्या पाचसहा बायका. पाणीवाला मागून धावत येत होता. "अहो मावशी, अध्यक्षांना न विचारता..."

"अध्यक्षाच्या घरी कोण पाणी आणतं?" मुकादमीण गाडी न थांबवता म्हणाली. "तो स्वतः? की त्याची बायको? तिला विचारून आलेय मी." आणि बायकांच्या घोळक्यात दिराची बायको खरंच उभी होती, नजर जमिनीकडं, पण उभी होती.

ओट्यापाशी गाडी थांबली. मुकादमीण धापा टाकत म्हणाली, "हे बघ, तू मला आवडत नाहीस. तू कुठं शिकलीस याच्याशीही मला घेणंदेणं नाही. मला पाणी पाहिजे. होईल?"

"उचला वर."

सहा जणींनी मोटार ओट्यावर चढवली. वायरवालीनं बाह्या वर सारल्या. बोल्ट सोडवले, झाकण ठोकून काढलं, मधला फिरणारा रोटर दोन्ही हातांनी अलगद ओढून पोत्यावर ठेवला. जळक्या वार्निशचा उग्र दर्प सुटला तशा बायका नाकाला हात लावून मागं सरल्या. ही मात्र आणखी आत वाकली.

"दोन फेज जळून कोळसा. तिसरा बघा, जसाच्या तसा लाल." तिनं बोटानं दाखवलं. "तीन बैलांचं ओझं दोघांनी ओढलंय. एका तारेची वीज गेली तरी ही चालत राहिली. स्टार्टरनं बंद पाडायला पाहिजे होती. का नाही पाडली?"

तिनं पाणीवाल्याकडं बघितलं. तो चपलेशी खेळू लागला.

जुनी तार तोडून काढायला दुपार झाली. छिन्नी, हातोडी, पक्कड. तांबं खाचेत चिकटून बसलेलं. ओढलं की दंडाच्या शिरा तट्ट फुगत. दोनदा पक्कड निसटली आणि पोटरीला लागली. तिनं काढण्यापूर्वी एक कॉइल कापून वेढे मोजले होते: अडतीस. लेकीकडून ते कागदावर लिहून घेतलं होतं, कारण तिचे स्वतःचे हात काळे होते. मुकादमीण जुनं तांबं पोत्यात घालून, समितीच्या खजिनदाराला दंडाला धरून बसमध्ये कोंबून तालुक्याला गेली आणि संध्याकाळी नवी तार, कागद, वार्निश घेऊन आली. उतरता उतरता म्हणाली, "दुकानदार विचारत होता, कोण भरणार? म्हटलं, आमच्या गावात एक आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच काम सुरू झालं. फर्म्याची मूठ फिरवायला एक माणूस लागतं आणि तार ताणून धरायला दुसरं. वायरवाली एकटीच पायाच्या अंगठ्यात तार अडकवून बघत होती. लेक आतून आली, काही न बोलता समोर बसली आणि मूठ धरली.

"सावकाश. वेढ्यावर वेढा चढला नाही पाहिजे. मोज."

"एक. दोन. तीन." लेक मोजू लागली. पहिल्या कॉइलला आवाज बारीक होता. चौथीपर्यंत रस्त्यापलीकडून ऐकू येऊ लागला. शाळेला निघालेल्या तीन मुली थांबल्या. लेकीचे कान लाल झाले, हात क्षणभर थबकला.

"किती झाले?" वायरवालीनं विचारलं.

"सव्वीस."

"मग सत्तावीस म्हण."

लेकीनं मुलींकडं बघितलं आणि चांगलं मोठ्यानं म्हटलं, "सत्तावीस!"

अठरा कॉइली झाल्या. मग एकेक तार बोटानं चपटी करत खाचेत उतरवणं, वर बांबूची पट्टी ठोकणं. छत्तीस खाचा. पाठ दुखून आली, डोळ्यांत घाम उतरला, नखांच्या कडा फाटल्या. बघायला लोक जमले, बसले, कंटाळले, गेले, पुन्हा आले. एका म्हाताऱ्यानं झाकणावरची अक्षरं मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "आत जेवायला काय देतात गं?"

"भात-डाळ."

"रोज?"

"रोज."

"आमच्याकडं तेही रोज नसतं," म्हातारा म्हणाला, आणि सरकून सावलीला बसला.

संध्याकाळी जोड झाले, दोऱ्यानं आवळून बांधलं, बल्ब लावून तपासलं. कुठंही विजेची गळती नाही. वार्निश ओतलं. तिसऱ्या दिवशी वार्निश वाळायला मोटार ओट्यावर उन्हात पडून होती, हलवायाच्या कढईसारखी तापत. वायरवाली दर तासाला उठून तिची कूस बदलत होती, आणि सासू, जी त्या दिवशी कामाला गेली नव्हती, काठी घेऊन कोंबड्या हाकत होती.

---

दुसऱ्या दिवशी पंपघरासमोर दुपारीच गर्दी झाली. मोटार जागेवर बसवली, पट्टे आवळले, वायरी आणल्या. वायरवालीनं स्टार्टरचं झाकण उघडलं आणि तिचा हात थांबला. आत, बिघाड झाला की सुटून मोटार बंद करणारी पट्टी, सुतळीनं गच्च बांधलेली होती. तिनं सुतळी कापली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"ही कुणी बांधली?"

पाणीवाल्यानं मान खाली घातली. मग मान न उचलता, डोळ्यांनीच, बाजूला बघितलं. तिथं अध्यक्ष उभा होता. पांढरे कपडे, उजवा हात अंगाला काठीसारखा सरळ.

"मी सांगितलं बांधायला," तो म्हणाला. "वीज कमी आली की स्टार्टर सारखा पडायचा. गावाला पाणी हवं होतं."

"त्यानंच जळली. पडत होता तो मोटार वाचवायला."

गर्दीत कुजबुज झाली. अध्यक्षाचा चेहरा तांबडा झाला. "तू मला शिकवणार? चालू कर आधी. ते नंतर बघू."

"नंतर नाही. ही पट्टी मोकळी राहील, तरच वायर जोडते. कमी वीज आली की पंप बंद राहील, पाणी दोन तास उशिरा येईल. पुन्हा बांधलीत तर मोटार माझ्याकडं आणायची नाही."

"अटी घालतेस?" तो दोन पावलं पुढं आला. "आणि मोटार फुटली तर? तुझं काय, तू पुन्हा आत जाशील. तुला सवय आहे." त्यानं डाव्या हातानं उजवा दंड उचलून पुढं केला. "हा बघ. बघितलास? सहा वर्षं घास तोंडापर्यंत जात नाही याच्यानं."

तिनं हाताकडं बघितलं. कोपराच्या जागी हाडांची गाठ, चामडं चकचकीत. हा हात तिनं कोर्टात पट्ट्यांत बघितला होता, असा कधी नाही.

"बघितला," ती म्हणाली. "तो माझ्याच हातानं मोडला. न्यायाधीशांना मी तेव्हाच सांगितलं, मारलं म्हणून. लपवलं नाही. त्याची जेवढी शिक्षा होती तेवढी दिवस मोजून भोगली. त्यात पुढं जन्मभर परसात बसायची शिक्षा लिहिलेली नव्हती. ती तुम्ही वाढवायची नाही." तिनं हातातली पक्कड स्टार्टरवर ठेवली. "आत्याबाईंच्या केसांचं तुम्ही कुणाला सांगितलंत? कधी?"

म्हातारी गर्दीत पुढंच उभी होती, मान अजून वाकडी. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. त्याची बायको मागून स्पष्ट म्हणाली, "वायर जोडू द्या तिला. पोरं तहानलीत."

"जोड," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "पट्टी मोकळीच राहू दे."

वायर जोडली. पंपात ओतायला पाणी हवं होतं; वरून भरल्याशिवाय तो ओढत नाही. क्षणभर सगळ्या बायका आपापल्या हंड्यांकडं बघू लागल्या. मुकादमिणीनं झिऱ्यावरून वाहून आणलेला आपला हंडा उचलला आणि थेंब न सांडता आत ओतला. "हे वाया गेलं तर तुझी खैर नाही," ती म्हणाली.

वायरवालीनं हिरवं बटण दाबलं.

मोटार हुंकारली, फिरली, आवाज चढत एका सुरावर येऊन स्थिर झाला. तिनं वीज मोजायचं चिमट्यासारखं मीटर एकेका वायरीभोवती धरलं. पहिली. दुसरी. तिसरी. काटा तिन्ही वेळा एकाच जागी थांबला. तिनं तळवा मोटारीच्या पाठीवर टेकवला, जसा कुणी तापात असलेल्या माणसाच्या कपाळावर टेकवतं, आणि तसाच ठेवला. नळ घुसमटला, खोकला, तांबूस पाणी ओकला, मग स्वच्छ धार पडू लागली.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. हंड्यांचा एकच गलका झाला, ढकलाढकली झाली, कुणाची घागर कुणाच्या पायावर पडली, शिव्या झाल्या. अध्यक्ष त्या गर्दीतून कधी निघून गेला ते कळलं नाही. वायरवाली पंपघरात तासभर एकटी बसून होती, मोटार गार राहते का बघत. गार राहिली.

---

चार दिवसांनी, दुपारची वेळ. ती आत जेवायला बसली होती. सासू पलीकडं, मानेला तेल लावून आडवी. बाहेर छकडा थांबल्याचा आवाज आला, मग जड काहीतरी टेकवल्याचा, आणि एका अनोळखी माणसाचा खडा आवाज: "ए पोरी, इथं मोटारी भरतो तो फिटर कुठं गेला?"

"फिटर नाही. आई आहे माझी," लेक म्हणाली. "ती भरते."

माणूस झाकण वाचत असावा. "बाईमाणूस? आणि हे कारागृह..."

"वाचता येतंय ना तुम्हाला? तेच."

"बरं, बरं. बोलव तिला. तीन गावं ओलांडून आलोय. पीक वाळतंय माझं."

आत वायरवालीचा हात घासासकट थांबला. तुरुंगात घंटा झाली की हातातला घास टाकून उठावं लागे. सहा वर्षांत अंगात तेच मुरलं होतं. गुडघे आपोआप उठायच्या बेतात होते.

"आई जेवतेय," बाहेर लेक म्हणाली. "तिचं जेवण होऊ दे. तुम्ही तिथं सावलीला बसा, मी पाणी आणते. मोटार तोपर्यंत मी उघडून ठेवते."

सासू पडल्या पडल्या, डोळे न उघडता म्हणाली, "ऐकलंस ना? बस खाली."

वायरवाली बसली. पातेलं जवळ ओढलं आणि आणखी डावभर भात वाढून घेतला. बाहेर बोल्टवर पाना बसल्याचा खटका झाला.